‘स्टॉर्म’चा पंचनामा

वादळाचे पंचनामे मी नोकरीत असताना इतके केले, की नुसती झुळूक आली तरी माझा हात खिशातल्या पेनाकडं जातो. पत्रे उडाले, झाड पडलं, गोठा कोसळला. प्रत्येकाची ठरलेली वाक्यं आहेत आणि ती मला झोपेतही म्हणता येतात. पौर्णिमा, म्हणजे माझी बायको, सांगते की मी ती झोपेत म्हणतोही. पण ज्या वादळानं माझी तेहेतीस वर्षांची अब्रू मुरुम गावाच्या चौकात आणून ठेवली, त्या वादळात झाडाचं पानही हललं नव्हतं. ते सगळं कागदावर होतं, इंग्रजीत होतं आणि त्याला अकरा अर्थ होते.

आधी हुद्दा सांगतो. तो सांगितल्याशिवाय मला पुढं बोलता येत नाही. मी निवृत्त तलाठी. मी निवृत्त झालो आणि त्यानंतर सरकारला सुचलं की तलाठ्याला ‘ग्राम महसूल अधिकारी’ म्हणावं. म्हणजे उन्हातान्हात बांध तुडवले मी आणि अधिकारी झाले माझ्या मागून आलेले. मी याबद्दल कोणाकडंही तक्रार केलेली नाही, फक्त भेटेल त्याला सांगतो. गाव मला अजून ‘भाऊसाहेब’ म्हणतं, त्यावर मी समाधानी आहे.

तर गेल्या एप्रिलातल्या एका गुरुवारी सकाळी शेजारची तबस्सुम आमच्या ओट्यावर आली. ही हैदरची मुलगी. हैदर माझ्या सज्जाचा, म्हणजे माझ्याकडच्या गावांचा कोतवाल होता. माझ्या दप्तराची पेटी त्याच्या सायकलवर आणि त्याच्या घरची काळजी माझ्या डोक्यावर, अशी आमची वीस वर्षांची वाटणी होती. तो जाऊन चार वर्षं झाली. त्याची बायको हमिदाबी शिवणकाम करते. तबस्सुम इंग्रजीत एम.ए. झाली, पुण्याहून दोनदा नोकरीचं बोलावणं आलं आणि दोन्ही वेळा हमिदाबीनं जेवण सोडलं. “एकली हाय मी, भाऊसाब. ही गेली तर चूल कुनासाठी पेटवू?” असं तिनं मला विचारलं होतं. पोरगी घरात बसून कोमेजत होती, हेही दिसत होतं.

“चाचा, घरून करायचं काम मिळतंय,” तबस्सुम म्हणाली. “क्वालालंपूरची कंपनी आहे. इंग्रजी, मराठी आणि मलाय असा तीन भाषांचा कोश करतायत. आधी एक शब्द करून दाखवायचा. पसंत पडला तर नोकरी पक्की.”

“शब्द कोणता दिलाय?”

“स्टॉर्म.”

मी खुर्चीत सरळ बसलो. जगातल्या एवढ्या शब्दांतून कंपनीनं नेमका माझ्या खात्यातला शब्द काढावा, हे मला सोपं वाटलं नाही.

या शब्दाचे अकरा अर्थ तिनं मराठीत लिहून ठेवले होते. मलाय अर्थ तिकडच्या नूरआइनी नावाच्या बाई देणार होत्या. अडत होतं ते एका अटीपाशी. पुस्तकी मराठी चालणार नव्हती. लोक खरोखर कसं बोलतात ते हवं होतं आणि त्यासाठी प्रत्येक अर्थाला पाच स्थानिक माणसांचं म्हणणं, नाव आणि सही लागत होती. मुदत पुढच्या गुरुवारपर्यंत होती.

“पाच माणसांच्या सह्या तेवढ्या मिळवून द्या, चाचा. तुम्हाला सगळं गाव ओळखतं.”

आता पाच माणसं, त्यांचं म्हणणं आणि त्याखाली सह्या, या प्रकाराला महसूल खात्यात एकच नाव आहे.

“पंचनामा करू,” मी म्हणालो.

पौर्णिमा आतून शेंगा फोडत फोडत बाहेर आली. “अहो, सह्या मागितल्यात तिनं. अर्ध्या तासाचं काम आहे.”

“अर्ध्या तासात केलेला पंचनामा कोर्टात टिकत नाही.”

“शब्द कशाला जाईल कोर्टात?”

तिला खात्याचा अनुभव नाही, म्हणून मी वाद वाढवला नाही.

दुपारी मी मसुदा तयार केला. ‘मौजे मुरुम येथील स्टॉर्म या इंग्रजी शब्दाचा पंचनामा’ असा मथळा घातला. पंचनाम्यात जागेची चतुःसीमा लागते. शब्दाची चतुःसीमा आजवर कोणी लिहिलेली नसावी. मी विचार करून लिहिली: पूर्वेस वारा, पश्चिमेस गडगडाट, उत्तरेस पाऊस, दक्षिणेस रस्ता. रस्ता का, असं तबस्सुमनं विचारलं. तेहेतीस वर्षांत एका बाजूला रस्ता नाही अशी चतुःसीमा माझ्या हातून गेलेली नाही, एवढंच मी तिला सांगू शकलो.

पंच निवडताना मी खात्याचे नियम पाळले. लिहिणाऱ्याच्या घरचा माणूस पंच चालत नाही, म्हणून पौर्णिमा बाद. ज्याचा फायदा आहे त्याचा नातलग चालत नाही, म्हणून हमिदाबी बाद. उरलेल्या गावातून पाच जण काढले. पिठाच्या गिरणीचा ईरण्णा, एसटीतून निवृत्त झालेला ड्रायव्हर बब्रुवान, बाजारात भाजी विकणाऱ्या म्हाळसाबाई, न्हावी रामहरी आणि सोसायटीचे माजी चेअरमन नानासाहेब. नानासाहेबांना घेतलं नसतं तर त्यांनी हरकत घेतली असती, म्हणून त्यांना घेतलं.

शनिवारी सकाळी ओट्यावर सतरंजी टाकून काम सुरू झालं. पहिला अर्थ साधा होता: हवेतलं वादळ. दोन मिनिटांत उरकेल असं मी धरलं होतं.

“कंचं वादळ?” बब्रुवाननं विचारलं. “सोलापूरच्या वाटंला धुळीचं येतं ते, का उमरग्याकडनं पाण्याचं येतं ते? गाडी चालवनाऱ्याला ही दोन्ही एक न्हाईत. एकात दिवे लावायचे, दुसऱ्यात थांबायचं.”

“दिवे कशाला? आमच्या गिरणीत रोज धुळीचंच हाय की,” ईरण्णा म्हणाला.

म्हाळसाबाई पिशवीतली कोथिंबीर निवडत होत्या. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, “वादळ म्हंजी भाजी झाकायची येळ. दुसरं काय?”

मी लिहिलं: ‘पंच क्रमांक तीन यांचे म्हणणे की, वादळ म्हणजे भाजी झाकण्याची वेळ.’ असली वाक्यं मी एरवी साहेबांच्या भीतीनं गाळली असती. तबस्सुम म्हणाली, “राहू द्या चाचा, त्यांना हेच हवंय.”

नूरआइनीबाई फोनच्या पडद्यावर होत्या. डोक्याला निळा रुमाल, चेहरा हसरा. त्यांनी मलाय शब्द सांगितला, ‘रिबुत’. पंचांनी तो एकेक करून म्हटला. त्या बाईंनी मान डोलावली. म्हाळसाबाईंनी त्यांना थेट मराठीत विचारलं, “बाई, तुमच्याकडं कोथिंबीर कशी देत्यात?” याचं भाषांतर होऊन उत्तर येईपर्यंत पाव तास गेला.

दुसरा अर्थ किल्ल्यावर एकदम चाल करून घुसणं. नानासाहेबांना लगेच नळदुर्ग आठवला आणि ते इतिहासात शिरले. त्यांना बाहेर काढायला म्हाळसाबाई लागल्या. त्या म्हणाल्या, “येष्टीचं दार उघडलं की रुमाल टाकायला घुसत्यात, तसं का?” बब्रुवाननं तेहतीस नंबरच्या फेरीचा दाखला देऊन याला दुजोरा दिला. या अर्थाला मलायमध्ये रिबुत चालत नाही, ‘मेन्यर्बू’ असा वेगळा शब्द आहे, असं नूरआइनीबाईंनी सांगितलं. नानासाहेबांनी हरकत नोंदवली. इंग्रज एका शब्दात भागवतात तिथं या लोकांना दोन कशाला, असं त्यांचं म्हणणं पडलं.

मी त्यांना समजावून सांगितलं, की इंग्रजांनी एकाच सातबाऱ्यावर अकरा खातेदार चढवून ठेवलेत. मराठी आणि मलाय लोकांनी वेळीच वाटण्या करून ज्याचा त्याचा उतारा वेगळा केला. हा मुद्दा सगळ्यांना पटला. नूरआइनीबाईंना तबस्सुमनं तो कसा सांगितला ते मला माहीत नाही, पण त्यांनी तो लिहून घेतला.

तिसरा अर्थ रागानं निघून जाणं. इथं मतभेद झाले. रामहरी म्हणाला तणतणत, ईरण्णा म्हणाला तरातरा, म्हाळसाबाई म्हणाल्या फणकाऱ्यानं. तिघांनी तिन्ही प्रकारांनी ओट्यावरून उतरून दाखवलं. तणतणत जाणारा तोंडानं बोलत जातो, तरातरा जाणारा बोलत नाही आणि फणकाऱ्यानं जाणाऱ्याची मान आधी वळते, असं पाहणीत आढळून आलं. रामहरी तणतणत गेला तो दुकानात गिऱ्हाईक अर्ध्या दाढीवर बसल्याचं आठवून तिकडंच गेला, त्यामुळं चौथा अर्थ त्याच्या गैरहजेरीत झाला.

चौथा टाळ्यांचा. मलायमध्ये ‘तपुकान गमुरुह’. आपल्याकडं कडकडाट म्हणतात याबद्दल एकमत होतं, पण नानासाहेबांना स्वतःचं उदाहरण द्यायचं होतं. शाळेच्या स्नेहसंमेलनात त्यांच्या भाषणाला कडकडाट झाला होता.

“भाषान संपलं म्हणून झाला हुता,” बब्रुवान म्हणाला.

मी दोन्ही म्हणणी नोंदवली. नानासाहेबांनी त्या दिवशी चहा घेतला नाही.

असे शनिवारी सात अर्थ झाले. चार रविवारी करायचे ठरले. आता इथं माझ्याकडून काही चूक झाली का, हे मी अनेकदा तपासून पाहिलंय. बब्रुवान संध्याकाळी चौकात चहाला गेला आणि म्हणाला, “भाऊसाहेबाच्या ओट्यावर वादळाचा पंचनामा चाललाय. म्या पंच हाय.” यात एकही शब्द खोटा नाही. आणि पंधरा दिवसांपूर्वी गावात खरोखर जोराचा वारा सुटला होता. त्यात शेवग्याची दोन झाडं आणि नानासाहेबांच्या वाढदिवसाचा फलक पडला होता.

रविवारी सकाळी मी दात घासत दार उघडलं, तर ओट्यापासून ईरण्णाच्या गिरणीपर्यंत रांग होती. हातात आधार कार्डं, पासबुकं, सातबारे. एकानं वाकलेला पत्रा डोक्यावर आणला होता. एका म्हातारबाबांनी पडलेल्या शेवग्याची फांदी पुरावा म्हणून आणली होती, शेंगांसकट.

“मी निवृत्त आहे,” मी ओरडून सांगितलं. “हा वेगळा पंचनामा आहे. शब्दाचा आहे!”

“व्हय व्हय, शब्दाचा असू द्या,” पुढचा माणूस म्हणाला. “अर्ज तेवढा घ्या.”

आणि मी तो घेतला.

समोर अर्ज आला की तो घ्यायचा, वरच्या कोपऱ्यात आवक क्रमांक घालायचा, तारीख टाकायची, हे माझ्या हातानं तेहेतीस वर्षं केलं होतं. निवृत्तीचं पत्र मला आलं होतं, हाताला आलं नव्हतं. खरं सांगायचं तर बरंही वाटत होतं. दोन वर्षांत कोणी माझ्यासमोर रांग लावली नव्हती. दुपारी दोनपर्यंत दोनशे बारा अर्ज झाले. एकशे चाळिसावा नानासाहेबांचा होता, फलकाबाबत.

पौर्णिमानं जेवायला तिसऱ्यांदा हाक मारली. “यांना तुम्ही देणार काय आहात?” तिनं विचारलं.

“पोहोच,” मी म्हणालो.

सोमवारी क्षमा मॅडम आल्या. या आमच्या सध्याच्या ग्राम महसूल अधिकारी, वय असेल अठ्ठावीस. स्कूटरवरून उतरल्या, मला ‘सर’ म्हणाल्या, पाणी प्यायल्या आणि दोनशे बारा अर्ज पिशवीत भरले. “सर, तालुक्याला फोन गेलेत. शासनाचा कसलाही आदेश नसताना पंचनामे चाललेत म्हणून. मला सगळे कागद न्यावे लागतील.” सगळे म्हणजे सगळे. अर्जांच्या खाली स्टॉर्मचा पंचनामा होता, तोही गेला.

“मॅडम, त्याची मुदत गुरुवारपर्यंत आहे,” तबस्सुम म्हणाली. “तिकडच्या घड्याळानं सहा वाजता. म्हणजे इथले साडेतीन.”

“उद्या कचेरीत या सर, बघू,” क्षमा मॅडम म्हणाल्या. त्या बाईंचा दोष नाही. हेच वाक्य मी त्याच स्वरात हजारदा म्हटलेलं आहे.

मंगळवारी मी तालुक्याच्या कचेरीत गेलो. साहेब फिरतीवर होते. कारकुनानं मला बाकावर बसायला सांगितलं. त्या बाकावर मी तेहेतीस वर्षं गावातून लोकांना बसायला पाठवलं होतं. त्याचा एक पाय आखूड आहे आणि मागं टेकलं की खिळा लागतो, हे मला मंगळवारी कळलं. बारा वाजता जेवणाची सुट्टी झाली. तीन वाजता कारकून म्हणाला, “बाबा, उद्या या.” मी त्याला हुद्दा सांगितला. “बरं बाबा, उद्या या,” तो म्हणाला. परतीच्या गाडीत माझ्याशेजारी कोणीतरी ओळखीचं बसलं होतं. मी झोपल्याचं सोंग केलं. मला मनापासून लाज वाटत होती, आणि ती बाबा म्हटल्याची नव्हती.

बुधवारी त्याच कचेरीत क्षमा मॅडम स्वतः बसल्या होत्या. “सर, तुमचा कागद देते. पण चौकशी बंद करायला तुमचा जबाब लागेल. एवढंच लिहून द्या, की मुरुम येथे वादळ झालेलं नाही.”

“पण अर्थ पहिला...”

“सर.”

मी लिहून दिलं. ‘मी समक्ष हजर राहून जबाब देतो की, मौजे मुरुम येथे कोणत्याही अर्थाने वादळ झालेले नाही.’ ‘कोणत्याही अर्थाने’ हे मी माझ्याकडून घातलं, पुढं वाद नको म्हणून. स्टॉर्मचा पंचनामा परत मिळाला, कोपऱ्यात भोक पाडलेला आणि पहिल्या पानावर कचेरीचा शिक्का मारलेला.

मी गावात पोचायच्या आधी बातमी पोचली होती. भाऊसाहेबानं वादळ रद्द केलं, अशी ती होती. ज्यांनी रविवारी मला हात जोडले होते त्यांनी बुधवारी तोंड फिरवलं. म्हातारबाबांनी शेवग्याची फांदी परत मागितली. शेंगांची पौर्णिमानं आमटी केली होती. नानासाहेब ओट्यावर न चढता खालूनच म्हणाले, “माझं नाव खोडा. वादळ झालंच नाही तर माझा फलक काय मी पाडला?” आणि निघून गेले. ते तरातरा होतं. पौर्णिमानं पिशवी भरली आणि बहिणीकडं लातूरला गेली. “तुमचं ओसरलं की फोन करा,” म्हणाली.

गुरुवारी सकाळी उरलेले चार अर्थ झाले. ईरण्णा गिरणी बंद ठेवून आला, बब्रुवान मान खाली घालून आला. म्हाळसाबाईंचा स्वतःचा अर्ज त्या दोनशे बारांत होता, तरी आल्या. “पोरीचं काम हाय,” एवढंच म्हणाल्या. रामहरीही आला. एकेकाला पंचनामा वाचून दाखवला, सह्या आणि अंगठा घेतला. चार झाले. पाचवा नव्हता.

मी उन्हात गावभर फिरलो. दोनशे बारा अर्जदार आणि त्यांच्या घरचे वगळले, तर मुरुममध्ये पंच म्हणून उरत होतं कोण? किराणा दुकानदारानं मला पाहून शटर अर्धं ओढलं. पोस्टातल्या बाबूनं सांगितलं की तो मूळचा तेरचा, त्याला स्थानिक धरता येणार नाही. घरी आलो तेव्हा तीन वाजले होते. तबस्सुम ओट्याच्या पायरीवर बसली होती. रडत नव्हती, फोनवरचं घड्याळ बघत होती. हैदर असता तर त्यानं एव्हाना कोणालातरी सायकलवर बसवून आणला असता.

“आमी सही केली तर चालंल का?” भिंतीपलीकडून हमिदाबीचा आवाज आला. ती हातातलं झबलं तसंच घेऊन पुढच्या दाराशी आली. “आमी बी मुरुमच्याच की.”

ज्याचा फायदा त्याचा नातलग पंच नाही. हा नियम मी सख्ख्या मेव्हण्यासाठी मोडला नव्हता, त्यापायी तो तीन वर्षं बोलत नव्हता. त्या दिवशी मोडला. पण मोडायचा तर रीतसर मोडायचा. नातलग पंच घ्यावाच लागला, तर त्यात काय हितसंबंध आहे ते त्याला संपूर्ण वाचून दाखवायचं आणि तशी नोंद करायची, असं मी ठरवलं.

“तबस्सुम, कंपनीचं पत्र काढ.”

“पत्र राहू द्या चाचा. वेळ नाही.”

“वेळ नाही म्हणून अर्धवट वाचलं, असं मी आजवर केलेलं नाही.”

“चाचा, खरंच नको,” ती म्हणाली आणि उभी राहिली. पण तोवर फोन माझ्या हातात होता.

मी इंग्रजी पाहत मराठीत मोठ्यानं वाचू लागलो. माझा वाचनाचा आवाज आहे. तो सुरू झाला की मी काय वाचतोय ते मला कळत नाही, कारण समजून घ्यायचं काम ऐकणाऱ्याचं असतं. ‘उमेदवाराची नोंद मंजूर झाल्यास तिला कायम नोकरीवर घेण्यात येईल. काम घरून करता येईल. मात्र पहिले सहा महिने मलाय विभागाबरोबर कंपनीच्या क्वालालंपूर येथील कचेरीत हजर राहून...’

इथं मला माझाच आवाज ऐकू आला आणि मी थांबलो.

बब्रुवान छताकडं बघू लागला. तबस्सुमनं ओढणीचं टोक मुठीत धरलं होतं. मला त्या क्षणी वाटलं, की तेहेतीस वर्षांत मी पुष्कळांची घरं कागदावर पडलेली दाखवली, पण माझ्या वाचण्यानं पडलेलं हे पहिलंच.

“कुठं हाय हे?” हमिदाबीनं विचारलं.

“लांब आहे. समुद्रापलीकडं.”

“आन् फुडं काय लिवलंय?”

“राहणं-जेवण कंपनीचं. सहा महिन्यांनी परत. मग घरूनच.”

ती तबस्सुमकडं वळली. “तुला ठावं हुतं?”

“हो अम्मी,” तबस्सुम म्हणाली. “मंजूर झालं की सांगणार होते. नाहीच झालं तर तू उगाच जेवण सोडलं असतंस.”

हमिदाबी झबल्याची शिवण बोटानं चाचपत राहिली. तीन वाजून अठरा मिनिटं झाली होती. मला कोणी विचारलं असतं, तर कागद फाडून टाका म्हणालो असतो.

“चारच सह्या गेल्या तर?” तिनं मला विचारलं.

“नोंद बाद होते.”

“आनी मग ही हितंच बसनार. भिताडाकडं बगत.” ती सतरंजीवर बसली. “द्या पेन. खाली काय लिवलंय ते वाचा.”

मी वाचलं. “वाचून दाखवले, समजले, मान्य आहे.”

“समजलं ऱ्हाऊ द्या,” ती म्हणाली. “मान्य खोडा.”

“हमिदाबी, तसं चालत नाही. ते तिन्ही एकत्र...”

“भाऊसाब, तुमी वाचलं, मला समजलं. मान्य न्हाय. खोटं कशाला लिवायचं सरकारी कागदावर?”

तो सरकारी कागद नव्हता, पण हे सांगायचा हक्क मी केव्हाच गमावला होता. मी ‘मान्य आहे’ या दोन शब्दांवर रेघ मारली. तिनं त्याखाली उर्दूत सही केली, सावकाश, हैदरनं शिकवली होती तशी. तबस्सुमनं पानांचे फोटो काढून पाठवले तेव्हा तीन वाजून सव्वीस मिनिटं झाली होती. मग हमिदाबी उठून घरात गेली. त्या दिवशी ती जेवली की नाही, हे विचारायचा मला धीर झाला नाही.

दहाव्या दिवशी उत्तर आलं. नोंद जशीच्या तशी मंजूर झाली होती. चतुःसीमेबद्दल त्यांनी दोन प्रश्न विचारले होते. खोडलेल्या शब्दांबद्दल एकही नव्हता.

जूनच्या पहिल्या आठवड्यात आम्ही तबस्सुमला सोलापूरला रेल्वेत बसवलं. तिथून मुंबई, पुढं विमान. परत येताना एसटीत पौर्णिमा आणि हमिदाबी पुढच्या सीटवर होत्या, मी मागं. नळदुर्ग गेलं तरी हमिदाबी खिडकीबाहेरच बघत होती. मला राहवलं नाही. मी पुढं वाकून विचारलं, “हमिदाबी, त्या कागदाची नक्कल आहे माझ्याकडं. आता लिहू का, मान्य आहे म्हणून?”

तिनं खिडकीतून नजर काढली नाही.

“ती परत आल्यावर लिवा,” ती म्हणाली.

मी बरं म्हणालो आणि पेन खिशात ठेवलं.